साध्या पाण्याच्या प्लेटा

आमचे सर गिरगावातून परळच्या कॉलेजात चालत यायचे, आणि सलग दोन दिवस एकाच रस्त्याने आले तर शपथ. यात तब्येतीचा काही संबंध नव्हता. त्यांचा नियमच तसा होता. चालताना बरं वाटतंय तोवर नाकासमोर चालायचं. धूर आला, खोदलेला रस्ता आला, नुसता कंटाळा आला, तरी आहे तिथे थांबून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि तोंड जिकडे होईल तिकडे पुन्हा चालू पडायचं. गिरकी म्हणजे खरोखरची गिरकी. लालबागला मसाल्याच्या दुकानांसमोर, मिरचीच्या खाटाने सगळी गल्ली शिंकत असताना, पन्नाशी उलटलेला एक माणूस खांद्यावरच्या झोळीसकट गर्रकन फिरला आणि उलट्या दिशेला निघून गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आई बरोबर होती. ती म्हणाली, "बिचारा." मी म्हणाले, "ते आमचे सर आहेत." त्यानंतर घरी येईपर्यंत आई माझ्याकडे काळजीने बघत होती.

वेळापत्रक करणाऱ्या बाईंनी तर हात टेकले होते. सरांना पहिलं लेक्चर द्यायचंच नाही असं ठरून गेलं होतं.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमचं घर नायगावला बीडीडी चाळीत, बाबा पोलिसात. घरात जंतू म्हणजे मारायची गोष्ट. सरांकडे जंतू म्हणजे 'मंडळी'. "मंडळी उठली का?" असं विचारत ते सकाळी इन्क्युबेटर, म्हणजे मंडळींचं उबदार कपाट, उघडायचे. प्लेटवर काही उगवलं नसेल तर म्हणायचे, "रुसलीत आज." हे सगळं अगदी कोऱ्या चेहऱ्याने. सर विनोद करताहेत असं समजून एखादा हसला, की त्याच्याकडे असं बघायचे, की तोच वेडा ठरायचा.

ती गिरकी त्यांनी मंडळींकडूनच उचललेली होती. त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला होता. पाण्यात पोहणारा जिवाणू आपल्या यजमानापर्यंत, म्हणजे ज्याच्या अंगात त्याला बिऱ्हाड करायचंय तिथपर्यंत, पोचतो कसा? त्याला डोळे नाहीत. आणि तो इतका लहान, की त्याच्या पुढच्या टोकाला येणारा वास आणि मागच्या टोकाला येणारा वास यांत त्याला फरक कळणं कठीण. मग तो दोन जागांची तुलना करायच्या ऐवजी दोन वेळांची करतो. आत्ताचा वास आणि मघाचा वास. वाढला असेल तर सरळ पोहत राहतो. कमी झाला असेल तर जागच्या जागी कोलांटी घेतो आणि मिळेल त्या नव्या दिशेला सुटतो. त्याचं 'मघाशी' म्हणजे फार तर दोन-चार सेकंदांपूर्वीचं. तेवढ्या आठवणीवर तो बरोबर पोचतो. आपल्या पोटात घर करणारेही असेच वास काढत येतात आणि झाडांच्या मुळांत राहणारेही.

हे शिकवायला त्यांनी एकदा माझे डोळे रुमालाने बांधले आणि मला कॉरिडॉरमध्ये उभं केलं. कुठून तरी वड्याचा वास येत होता. नियम असा, की चार पावलं चालायचं, वास वाढला तर पुढे, कमी झाला तर गिरकी. वर्ग माझ्या मागून दबक्या पावलांनी. मी भिंतींना धडकत, गिरक्या घेत, एका दारातून आत गेले आणि टेबलाला आपटले. रुमाल सोडला तर समोर प्राचार्य. त्यांच्या डायबेटिसमुळे घरून भाकरीचा डबा यायचा, आणि त्या डब्याच्या झाकणात दोन बटाटेवडे होते. सर दारातून म्हणाले, "बघा, पोचली." आणि मुलांकडे वळून, "घड्याळ लावलं होतं ना? किती वेळ लागला?"

प्राचार्यांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. सरांच्या ते लक्षात आलं की नाही, मला शंका आहे.

या सगळ्यातून त्यांचा एक प्रश्न तयार झाला होता. तो ते कुणालाही, कशावरही विचारत. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न मोडलं. ती बिचारी लॅबच्या बेसिनपाशी रडत होती. सर आले, बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "मघापेक्षा बरं आहे का?" ती हुंदके देत म्हणाली, "थोडं." "मग असंच चालू ठेव," म्हणाले आणि गेले. म्हणजे रडणं चालू ठेव. ती रडायची थांबून हसायलाच लागली. कोणी "नाही" म्हटलं तर त्यांचं उत्तर एका शब्दाचं असे. "वळ."

सरांची खास मंडळी राहायची मेथीच्या मुळांवर. वाळूत पिकवलेली ती इवलीशी समुद्र मेथी मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे, वीतभरही नसलेली, मुळांसकट जुड्या बांधून विकतात ती. सर ती दादरच्या मार्केटमधून आणायचे आणि भाजीवालीला डोकेदुखी होऊन बसले होते. मुळं धुतलेली चालायची नाहीत, वाळू झाडलेली चालायची नाही, पाणी मारलेली चालायची नाही. एकदा मी बरोबर गेले तर ती मलाच म्हणाली, "बाकीची गिऱ्हाइकं वाळू निघाली म्हणून भांडतात गं. हा माणूस वाळू नाही म्हणून भांडतो. घरी काय खातात तरी काय?"

शेतातली मोठी मेथी उपटली तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. सर ती गाठ ब्लेडने चिरून दाखवायचे. आत गुलाबी, अगदी रक्त मिसळल्यासारखी. त्या गाठीत जिवाणू राहतो, झाडाला हवेतला नायट्रोजन पचवून देतो आणि झाड त्याला साखर पुरवतं. मेथीचा दाणा वाळूत भिजला की त्यातून काही द्रव्यं बाहेर झिरपतात, त्या वासावर हा पोहत येतो, आणि आत राहायला लागला की पोहायची शेपटी टाकून देतो. सर म्हणायचे, "तो पोचल्यावर शेपटी टाकतो. माणसं पोचल्यावर गाडी घेतात."

वाळूतल्या जुडीच्या मुळांवरून सरांनी एक जिवाणू वेगळा काढला होता. मेथी भिजवलेल्या पाण्याकडे तो ओढ घेऊन पोहतो हे त्यांनी प्लेटांवर पाहिलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर लेख लिहून एका नियतकालिकाला पाठवला होता. निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने राहिले होते. एरवी कशाबद्दल हळवे न होणारे सर त्याबद्दल मात्र माझ्याशी एकदा बोलले. "तीस वर्षं दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. चांगलंच शिकवलं. पण त्यात एक ओळ आपली असावी असं वाटतं. एकच." एवढं बोलून ते बाटल्या धुवायला लागले.

नियतकालिकाकडून उत्तर आलं, की काम चांगलं आहे, पण मेथीच्या प्लेटांबरोबर साध्या पाण्याच्या प्लेटाही करा, दोन्हींची मापं द्या आणि महिनाअखेरपर्यंत पाठवा. मागणी रास्त होती. सरांनी साध्या पाण्याच्या प्लेटा पूर्वी कधीतरी स्वतःच्या समाधानासाठी केल्या होत्या, पण मापून लिहिलेल्या नव्हत्या.

इथे प्लेटांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा गाढवपणा कळणार नाही. प्लेट म्हणजे झाकणाची काचेची बशी. तिच्यात अगर ओततात, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेली जेली, आणि तीवर जिवाणू वाढवतात. इन्क्युबेटरमध्ये प्लेट नेहमी उलटी ठेवायची, नाहीतर झाकणावर साचलेलं पाणी आत ठिबकतं. पहिल्या वर्षाला हे आमच्या अंगात भिनवलं ते सरांनीच. कोणी सुलटी ठेवली की लांबून आवाज यायचा, "प्लेट!" पण जिवाणूंना पोहायला लावायचं असेल तर अगर फार पातळ घ्यावा लागतो, नुकतं लागलेलं दही असतं ना, तसा. मधोमध जिवाणू सोडायचे, एका बाजूला मेथीच्या, किंवा तुलनेसाठी साध्या, पाण्याचा थेंब, आणि तीन दिवसांनी त्यांचं कडं कुठल्या बाजूला किती सरकलं ते मापायचं. ही एकच प्लेट अशी, की जी उलटी करायची नाही.

सरांनी वीस प्लेटा ओतल्या, दहा मेथीच्या, दहा साध्या पाण्याच्या. प्रत्येकीवर एक खूण केली. ती खूण इन्क्युबेटरमध्ये कायम भिंतीच्या बाजूला ठेवायची, मेथीचा थेंबही त्याच बाजूला. का, ते मी विचारलं नाही. आमच्या डिपार्टमेंटची जमीन रस्त्याच्या अंगाला उतरती होती, खाली पडलेलं पेन नेहमी खिडकीखाली सापडायचं. हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्याच आठवड्यात सरांना निवडणुकीची ड्यूटी लागली. अँटॉप हिलच्या एका शाळेत बूथ. "तासाभराने प्लेटा आत ठेव. मी तीन दिवसांनी येतो, आपण मिळून मापू," म्हणाले आणि पेटी-शाईच्या मागे गेले. मी तासाभराने वीसच्या वीस प्लेटा उचलल्या आणि झटझट आत लावल्या. उलट्या. हाताला सवयच ती. डोकं बहुतेक घरी होतं, दुसऱ्या दिवशी मावसबहिणीचा साखरपुडा होता.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर सगळा अगर घसरून झाकणात पडलेला. वीसही प्लेटांत नुसता चिखल. पुन्हा करायचं तर ताजी मेथी, ताजी वाढ आणि वर तीन दिवस, आणि लेख पाठवायला उरले होते दोन. सरांना फोन करावा, सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. मी ते केलं नाही. मला सरांची भीती नव्हती, त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ती "एक ओळ" माझ्या हातून गेली हे मला त्यांच्या तोंडावर सांगवेना.

मग मी वही काढली. मेथीच्या प्लेटांची मापं मला जुन्या कामावरून माहीत होती, भिंतीच्या बाजूला एवढं, खिडकीच्या बाजूला एवढं, तसलेच आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहिले. साध्या पाण्याच्या प्लेटांचं तर सोपं होतं. ओढायला काहीच नाही म्हटल्यावर कडं सगळीकडे सारखंच सरकणार. चौदा-चौदा, तेरा-तेरा. एके ठिकाणी साडेतेरा टाकलं, खरं वाटावं म्हणून. मग प्लेटा ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करून धुतल्या आणि पुसून रॅकवर लावल्या.

सर आले. ड्यूटीने दमलेले होते. वही उघडून उभ्याउभ्या वाचायला लागले. मेथीचं पान वाचलं. साध्या पाण्याच्या पानावर फार वेळ थांबले.

"वर्तुळं छान गोल आलीत," ते म्हणाले.

"हो सर."

"प्लेटा कुठेत?"

"धुतल्या, सर."

"बरं," म्हणाले. वही मिटून झोळीत टाकली आणि घरी गेले.

लेख त्यांनी पाठवलाच नाही. विभागप्रमुखांना सांगितलं, "वेळेत जमलं नाही." माझ्या प्रबंधातून तो भाग काढायला लावला, कारण विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बाकीच्या कामाला तो लागत नाही." मला चांगले मार्क मिळाले. पुढे निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण. सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मघापेक्षा बरं वाटतंय," आणि खाली बसले. सगळे हसले. मी मागच्या रांगेत होते, मला हसू आलं नाही.

त्यांना कळलं होतं का? बरीच वर्षं मी स्वतःला समजावत होते की नसावं, ड्यूटीमुळे वेळ गेला, बस. मी परळलाच एका खाद्यपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये लागले. पनीर, पाणी, आइस्क्रीम. आता माझ्या हाताखाली सहा मुलं आहेत आणि धुतलेल्या प्लेटेचं माप मी कोणाचंही चालवून घेत नाही. मुलं मला खडूस म्हणतात, मला ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. आठ वर्षांनी. नमस्कार-चमत्कार काही नाही. "आमची वाडी पाडतायत. रविवारी सामान हलवतोय. फ्रीज रिकामा करायचाय, मंडळींना घेऊन जा."

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर गिरगावात गेले. दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा, सगळीकडे खोकी. काकूंनी पाण्याचा पेला दिला आणि म्हणाल्या, "घेऊन जा बाई एकदाच्या. लोकांच्या फ्रीजमध्ये लोणी असतं, आमच्यात यांची मंडळी. पाहुण्यांना बर्फ द्यायची चोरी." बटरच्या कप्प्यात छोट्या बुचाच्या बाटल्या होत्या. कॉलेज सुटल्यावरही सर दर दोन-तीन महिन्यांनी त्या जिवाणूची नव्या बाटल्यांत लावणी करत होते. स्वयंपाकघरात, स्पिरिटच्या दिव्यावर.

मी बाटल्या पिशवीत ठेवत होते. टेबलावरची पेन्सिल गडगडत गॅलरीच्या बाजूला गेली. सरांनी न बघता हात पुढे केला आणि कडेवर ती अचूक पकडली. सवय होती. मला त्या क्षणी कॉलेजातलं खिडकीखालचं पेन आठवलं.

"सर," मी म्हणाले, "साध्या पाण्याच्या प्लेटा गोल येत नाहीत ना?"

"त्या इन्क्युबेटरमध्ये कधीच आल्या नाहीत. पातळ अगर कलतो, तसं कडं उताराच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटर जास्तच जायचं. म्हणून तर मेथी चढाच्या बाजूला, भिंतीकडे ठेवत होतो. उताराने मदत केली असं कोणी म्हणायला नको."

"मी प्लेटा उलट्या ठेवल्या होत्या. सगळ्या पडल्या. आकडे मी बसून लिहिले."

"हो," सर म्हणाले. "उलट्या ठेवल्यास ते मात्र आत्ता कळलं." मग म्हणाले, "उलट्याच ठेवणार. मीच तसं शिकवलं होतं."

काकू आत निघून गेल्या. मला रडू येत होतं आणि सरांसमोर रडायची लाजही वाटत होती. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. प्लेटा कुठेत म्हणून विचारलं होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. आठ वर्षं हा माणूस ती एक ओळ सोडून बसला होता, आणि ती सोडताना त्याने माझं नाव कुठे येऊ दिलं नव्हतं. मी तसं म्हणालेही. तुमचं एवढं एकच होतं सर, आणि ते मी घालवलं, असं काहीबाही. सर ऐकत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"सांगितलंस. मघापेक्षा बरं वाटतंय का?"

हो म्हणता आलं असतं. लोक म्हणतात ना, सांगितलं की हलकं वाटतं. मला वाटलं नव्हतं.

"नाही, सर."

"मग वळ," ते म्हणाले आणि एका खोक्याची सुतळी सोडायला लागले. खोक्यात ती वही होती. माझ्या अक्षरातल्या आकड्यांची दोन्ही पानं एका तिरक्या रेघेने खोडलेली होती. शेरा नाही, तारीख नाही. पुढच्या पानावर त्यांच्या अक्षरात मथळा होता, 'साध्या पाण्याच्या प्लेटा आणि मेथीच्या प्लेटा', आणि खाली रकाने आखून ठेवलेले. रकाने कोरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी मी प्लेटा आणि अगर घेऊन गेले. जिवाणूची ताजी वाढ सरांनी तयारच ठेवली होती, मंडळी माझ्या ताब्यात धडधाकट द्यायची म्हणून. मेथीचे दाणे काकूंनी भिजत घातले होते. बारा प्लेटा बसल्या त्या टेबलावर, सहा आणि सहा. इन्क्युबेटर लागला नाही, मे महिना होता. खुणा भिंतीच्या बाजूला, मेथी भिंतीच्या बाजूला, उतार गॅलरीकडे. सगळ्या सुलट्या. मी प्रत्येक प्लेट दोनदा बघितली. टेबल सोडून बाकी सगळं बांधा, असं सरांनी काकूंना सांगून ठेवलं, आणि तीन दिवस त्या घरात जेवणं जमिनीवर झाली.

सोमवारी गेले तेव्हा टेम्पो खाली उभा होता. सामान रविवारी जायचं ते मंडळींसाठी एक दिवस पुढे ढकललेलं, त्यावरून काकू टेम्पोवाल्याची समजूत घालत होत्या. घरात टेबल, दोन माणसं आणि बारा प्लेटा. मी पट्टी लावली. साध्या पाण्याच्या सहाही प्लेटा उताराकडे कललेल्या. अकरा आणि चौदा. बारा आणि चौदा. एकही गोल नाही. मेथीच्या चार प्लेटांत कडं चढाच्या बाजूला, मेथीकडे, साफ ओढलेलं होतं, इतकं की पट्टीची गरज नव्हती. सर वाकून बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

उरलेल्या दोन मेथीच्या प्लेटांत मात्र मंडळी मेथीकडे गेलीच नव्हती. उताराला लागून गॅलरीकडे गेली होती.

"सर, सहातल्या चार."

"लिही."

"आणि या दोन?"

"त्या आधी लिही," सर म्हणाले.

खालून टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी आधी त्या दोन लिहिल्या.